उरलेले सूर

चार खोके होते. दोन केळ्यांचे, एक प्रिंटरच्या कागदाचा, आणि चौथ्यावर कुणीतरी जाड मार्करने लिहिलेलं, 'ख्रिसमसची माळ'. एका शनिवारी ते माझ्या गॅरेजमध्ये येऊन पडले. आमच्या गाण्याच्या मंडळाचा इतिहास लिहायचा ठरला होता आणि 'तुला कॉम्प्युटर येतो' एवढ्या पात्रतेवर ते काम माझ्या गळ्यात आलं होतं. इतिहास म्हणजे तरी काय, तर सोळा पानांची पुस्तिका. थोडे परिच्छेद, जमतील तेवढे फोटो आणि शेवटच्या पानावर दिवंगत सभासदांची यादी. वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी एकेका खुर्चीवर एकेक प्रत ठेवायची.

मंडळ म्हणजे बार्बरशॉप गाणाऱ्या पुरुषांचं मंडळ. विस्कॉन्सिनमधलं आमचं गाव आडवं पसरलेलं असलं तरी जीव लहान. एक किराणा दुकान, दोन बार, तीन चर्च. त्यातल्या एका चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही जमायचो. बाहेर उणे वीस तापमान असलं तरी. आधी लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडायच्या, मग कॉफीचं मोठं भांडं लावायचं, मग अर्धा तास मक्याच्या आणि दुधाच्या भावाबद्दल बोलायचं, आणि मग गायचं. मला तिथे ओढून नेलं शेजारच्या म्हाताऱ्याने. आयुष्यभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. मी दारातला बर्फ उपसताना काहीतरी गुणगुणत होतो, ते त्याने कुंपणावरून ऐकलं आणि म्हणाला, "आमच्याकडे एक बॅरिटोन कमी आहे." बॅरिटोन म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता वाटतं, ठाऊक असतं तर गेलो नसतो.

बार्बरशॉप हा चार आवाजांचा मामला. वाद्य एकही नाही. गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी खिशातून पिचपाइप काढून एक सूर फुंकतो, तेवढंच. मूळ चाल गातो तो लीड. गंमत अशी की चाल सगळ्यात वर नसते, वरून दुसरी असते. तिच्यावर हलक्या आवाजात तरंगतो तो टेनर. खाली पाया धरून बसतो तो बेस. आणि या तिघांनी आपापले सूर उचलल्यावर जो शिल्लक राहतो तो बॅरिटोनच्या ताटात पडतो. कधी लीडच्या खाली, कधी वर, कधी त्याला जवळजवळ चिकटून. चाल अशी नाहीच. नुसता बॅरिटोन ऐकला तर कुणी टेलिफोन नंबर सांगतंय असं वाटतं. मी स्वयंपाकघरात सराव करायचो तेव्हा बायको म्हणायची, "हे गाणं आहे की तक्रार?"

माझी खरी पंचाईत वेगळीच होती. मी भजनात वाढलेला माणूस. आमच्याकडे पंचवीस जण गायले तरी चाल एकच. कुणाचा आवाज जाड, कुणाचा बारीक, कुणी अर्धी मात्रा मागे, पण सगळे एकाच वाटेने चाललेले. शेजारचा वेगळं काही गातो आहे आणि आपण मुद्दाम त्याच्यासारखं गायचं नाही, हे माझ्या गळ्याला पटेचना. दुसऱ्या ओळीपर्यंत मी अलगद लीडच्या चालीत जाऊन मिळालेला असायचो. मग आमचा दिग्दर्शक हात थांबवायचा, माझ्याकडे बघून हसायचा, आणि अठ्ठावीस माणसं परत पहिल्यापासून गायची. सहा महिने हे चाललं. त्यांनी मला हाकललं नाही याचं कारण त्यांचा मोठेपणा, की बॅरिटोनांचा दुष्काळ, हे मी विचारलं नाही.

मग एका मंगळवारी ते घडलं. गाण्याच्या शेवटच्या छोट्या तुकड्याला टॅग म्हणतात. सराव संपल्यावर, कोट घालता घालता, चार जण एकमेकांना खेटून उभे राहून नुसते टॅग गात बसतात. मूळ गाणं कुणाला येतही नसतं. त्या दिवशी मला त्यात उभं केलं. शेवटचा स्वर आम्ही धरला, आणि धरल्या धरल्या डोक्याच्या वर कुठेतरी पाचवा आवाज वाजायला लागला. चौघांपैकी कुणीही तो गात नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. टँकरवाला म्हातारा मिटल्या डोळ्यांनी हसत होता. याला हे लोक 'रिंग' म्हणतात.

मी घरी आलो तो सरळ अडगळीच्या खोलीत गेलो आणि गवसणीतून तंबोरा काढला. लहानपणी गुरुजी म्हणायचे, "खर्ज नीट लागला की गंधार आपोआप येतो. तो वाजवायचा नसतो, ऐकायचा असतो." स्वयंभू गंधार. चार तारांपैकी एकही गंधारात लावलेली नसते, तरी तो ऐकू येतो, कारण खर्जाच्या पोटात त्याचे वरचे अंशस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे बारीक सूर, दडलेले असतात आणि पाचवा अंशस्वर म्हणजेच गंधार. बार्बरशॉपवाले तेच करतात, फक्त उलट्या टोकाकडून. त्यांच्या जिवाभावाचा जो सप्तमाचा कॉर्ड, म्हणजे एकदम गायलेला स्वरांचा जुडगा, आहे, त्यातल्या चार स्वरांची कंपनं ४ : ५ : ६ : ७ या प्रमाणात बसवायची. म्हणजे एकाच न गायलेल्या खर्जाचे चौथा, पाचवा, सहावा, सातवा असे अंशस्वर चौघांनी वाटून घ्यायचे. पियानोवर हे होत नाही. पियानोचा कोमल निषाद या सातव्या अंशस्वरापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर चढा असतो. हार्मोनियमवर गाणाऱ्यांना आपल्याकडे जी नाकं मुरडली जात, तशीच हे म्हातारे पियानोला मुरडतात. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण परक्या घरी आलेलो नाही.

न्हाव्याचं दुकान आणि गाणं यांची सोयरीक अमेरिकेच्याही आधीची आहे. इंग्लंडात पाचशे-चारशे वर्षांपूर्वी न्हाव्याच्या दुकानात भिंतीला सिटर्न नावाचं तंतुवाद्य टांगलेलं असे. पाळी येईपर्यंत गिऱ्हाइकाने ते छेडत बसावं. सॅम्युअल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराने १६६० च्या आपल्या रोजनिशीत 'न्हाव्याचं संगीत' असा उल्लेखच केला आहे, आणि ते ऐकून आपले साहेब खूश झाले असंही लिहिलं आहे. आपल्याकडे सेना न्हावी आरसा, चिमटा यांनाच अभंगात घेऊन बसले. माझ्या लहानपणी गावच्या सलूनमध्ये विविध भारती लागलेली असे आणि वाट बघणारे सगळे तिच्याबरोबर गात असत. ज्या दुकानात माणसाला मान हलवायला बंदी आणि दुसरं काम काही नाही, तिथे गाणं सुचणारच.

आता खोक्यांकडे वळतो.

पहिल्या खोक्यात मिटिंगच्या वह्या होत्या. आमचं मंडळ दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी काढलं. ज्या मातृसंस्थेची ती शाखा, तिची जन्मकथा प्रत्येक वहीच्या सुरुवातीला कुणी ना कुणी भक्तिभावाने उतरवून ठेवलेली. ओ. सी. कॅश नावाचा ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराचा एक कर-वकील आणि रूपर्ट हॉल नावाचा तिथलाच एक गुंतवणूकवाला, दोघे खराब हवेमुळे कॅन्सस सिटीच्या हॉटेलात अडकले, गप्पा मारता मारता गाऊ लागले, आणि घरी परतल्यावर मित्रांना पत्रं धाडली. ११ एप्रिल १९३८ ला टल्सा क्लबच्या गच्चीवर २६ पुरुष जमले. पत्रात कॅशने लिहिलं होतं की हल्ली सरकार ज्यात नाक खुपसत नाही असं चौकडीचं गाणं एवढंच काय ते उरलं आहे. तिसऱ्या बैठकीला दीडशेच्या आसपास लोक आले आणि खाली रस्त्यावर गाड्या तुंबल्या, म्हणून बातमीदारही आला. संस्थेचं नाव मराठीत करायचं तर 'अमेरिकेतील बार्बरशॉप चतुष्क-गायन जतन व उत्तेजन संस्था'. पुण्यात एखाद्या जुन्या वाड्यावर अशी पाटी सहज शोभली असती. पण ते नाव थट्टेनेच ठेवलं होतं. रूझवेल्टच्या राजवटीत रोज नवं आद्याक्षरी सरकारी खातं निघायचं, त्याची ती टिंगल.

कथा गोड आहे. मीही ती पहिल्या परिच्छेदात तशीच लिहिली. मग 'जतन' या शब्दाशी थांबलो. जतन करायचं म्हणजे आधी कुणाचं तरी असणार. कुणाचं?

आमच्या तळघराच्या भिंतीवर नॉर्मन रॉकवेलने १९३६ मध्ये एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेल्या चित्राची प्रत आहे. चार गोरे, तोंडं उघडी, एकाच्या गालावर दाढीचा फेस. बार्बरशॉप म्हटलं की अमेरिकेला हेच चित्र दिसतं. पण त्याच्या ११ वर्षं आधी, १९२५ मध्ये, जेम्स वेल्डन जॉन्सन या कृष्णवर्णीय कवीने आध्यात्मिक गीतांच्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं होतं की दक्षिणेत गोरा न्हावी ही गोष्टच नव्हती तेव्हा प्रत्येक न्हाव्याच्या दुकानाची आपली चौकडी असायची, आणि फावल्या वेळात ती पोरं गळ्यांनी सुरांची जुळणी शोधत बसायची. न्हावी काळे, गाणारे काळे, गिऱ्हाइकं गोरी. पुढे जाझमध्ये नावाजलेला लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत पै-पैशासाठी गायचा. कृष्णवर्णीय संगीतकार स्कॉट जॉप्लिनचीही चौकडी होती. लिन अ‍ॅबट या संशोधकाने १९९२ मध्ये हे सगळे पुरावे एकत्र मांडले तोवर संस्थेला ५४ वर्षं झाली होती. ज्याला हे लोक वुडशेडिंग म्हणतात, म्हणजे कागद नाही, नोटेशन नाही, एकाने चाल धरायची आणि बाकी तिघांनी अंदाजाने आपापला सूर हुडकायचा, ती रीत त्या दुकानांतली.

आणि टल्सा. ज्या शहरात त्या गच्चीवर २६ जण गायले, त्याच शहरात १७ वर्षांपूर्वी, १९२१ च्या मे अखेरीस, ग्रीनवूड ही काळ्या लोकांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावाने जाळली होती. सुमारे ३५ चौकांची राख. कॅशचा याच्याशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी गच्चीवरून शहर दिसत असेलच ना, असं मनात येऊन गेलं खरं.

१९४१ ची गोष्ट तर सरळच आहे. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या हमालांना त्यांच्या लाल टोप्यांवरून रेड कॅप्स म्हणत. त्यातल्या चार कृष्णवर्णीयांच्या चौकडीने शहराची स्पर्धा जिंकली. पुढचा टप्पा सेंट लुईसची राष्ट्रीय स्पर्धा. संस्थेने त्यांना येऊ दिलं नाही. कारण रंग. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अ‍ॅल स्मिथ आणि उद्यान खात्याचे रॉबर्ट मोझेस हे दोघे संस्थेचे पदाधिकारी होते, त्यांनी निषेध म्हणून राजीनामे फेकले. संस्था हलली नाही. काळ्यांना सभासदत्व नाही हा नियम उठायला १९६३ उजाडलं. बायकांच्या संस्थेतही तेच. ती १९४५ मध्ये टल्सालाच निघाली, १९५८ मध्ये तिनेही असाच नियम केला आणि त्यावरून फूट पडून पुढच्या वर्षी दुसरी संस्था उभी राहिली. बायका निदान भांडून बाहेर तरी पडल्या.

मी आमची १९६३ ची वही काढली. मुद्दाम. निळ्या शाईतलं देखणं वळणदार अक्षर. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी कार्यक्रम करायचा ठरलं. नव्या जाकिटांचा रंग मरून की हिरवा यावर मतदान झालं, मरून जिंकला. पिकनिकला मक्याची कणसं किती डझन लागली, कुणी आणली, किती उरली. नियमाबद्दल एक ओळ नाही. आधीच्या वर्षी नाही, नंतरच्याही नाही. मी चारही खोके उपसले. कुणी विरोध केल्याची नोंद नाही, कुणी बाजूने बोलल्याचीही नाही. गावात एकही काळं कुटुंब नव्हतं. प्रश्नच आला नाही, म्हणून उत्तरही नाही. सभासदांच्या याद्या बघत आलो तर पहिलं वेगळं वाटणारं नाव माझंच होतं, आणि ते चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं.

हे वाचताना मला राग यायला हवा होता. आला नाही. आजोबा आठवले.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. आजोबा एकादशीच्या भजनात वीणेकरी. म्हातारपणी कान गेले तरी वीणा सुटली नाही. ते सांगायचे, त्यांच्या तरुणपणी गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक गडी भजनाला यायचा. देवळाच्या पायरीखाली उभा राहायचा. आतले टाळकरी अभंग धरत आणि धृपदाला बाहेरून त्याचा आवाज यायचा, तो आला की आतल्यांचं भजन चढायचं. "सगळे वाट बघायचे त्याच्या आवाजाची," आजोबा म्हणायचे. पंढरपूरचं देऊळ साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. आमच्या गावचं कधी झालं हे आजोबांना सांगता येत नसे. वीणेची पाळी कोणत्या सालच्या कोणत्या एकादशीला कुणाकडे होती, हे मात्र अचूक यायचं. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, आणि तो माणूस गेला तो परत आलाच नाही. त्याला आता तुमच्या देवळाची गरज उरली नव्हती. आजोबा म्हणायचे, "तसा आवाज परत लागला नाही रे."

मी नववी-दहावीत असेन. विचारलं, "आबा, मग तुम्ही त्यांना आत का नाही बोलावलं?"

आजोबांनी अडकित्ता उचलला, सुपारी कातरली, तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. मग म्हणाले, "तुझी परीक्षा कधी आहे?"

पुढचं थोडक्यात. १९६४ पासून संस्थेने विचिटातल्या एका वाचोपचार संस्थेला देणग्या द्यायला सुरुवात केली. आमच्या वह्यांत दर वर्षी त्या आकड्यापुढे अभिमानाने दुहेरी रेघ मारलेली आहे. व्हॅलेंटाइनच्या दिवशी चौघांनी गुलाबाचं फूल घेऊन लोकांच्या घरी, हपिसात, गोठ्यात जाऊन गायचं, हा कमाईचा मोठा मार्ग. मी पहिल्यांदा पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट आणि गवती टोपी घालून निघालो तेव्हा बायको म्हणाली, "लग्नातला बँडवाला दिसतोस." चीज फॅक्टरीच्या एका कामगाराच्या बायकोसमोर आम्ही गायलो, ती रडली, आणि मी लीडच्या चालीत घसरलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. २०१८ मध्ये संस्थेने बायकांना पूर्ण सभासदत्व दिलं. आमच्याकडे दोघे म्हातारे रुसून गेले, त्यातला एक चार महिन्यांनी 'कॉफी चुकते' म्हणून परत आला. गावातली ग्रंथपाल टेनर गायला आली आणि तिने आम्हा सगळ्यांना वेळेवर यायला लावलं.

मग २०२० चा मार्च. वॉशिंग्टन राज्यात एका गायनमंडळाच्या सरावाला ६१ जण जमले, त्यातले ५३ आजारी पडले, दोन गेले. ती बातमी वाचल्यावर आम्हाला कुणी बंदी करायची गरज उरली नाही. गाणं म्हणजे एकमेकांचा श्वास घेणं, हे तोवर आम्ही कौतुकाने म्हणत होतो. दीड वर्षाने तळघराचं कुलूप उघडलं तेव्हा अठ्ठावीसांचे अकरा झाले होते. टँकरवाल्या म्हाताऱ्याची खुर्ची मी दर मंगळवारी सवयीने मांडायचो आणि कुणी काही बोलायचं नाही. म्हणून तर इतिहास लिहायची घाई.

सोळा पानांपैकी एक पान मी रेड कॅप्सना दिलं. त्यात जॉन्सनची प्रस्तावना घातली, १९६३ घातलं, आणि आमच्या त्या वर्षीच्या वहीत काय आहे आणि काय नाही, तेही. त्या पिकनिकचा एक फोटो होता, तोही लावला: मरून जाकिटातली पोरं, हातात कणसं, तोंडं गाण्यासाठी उघडी.

छापायला द्यायच्या आधी मसुदा आमच्यातल्या सगळ्यात जुन्या लीडला दाखवायला गेलो. वय ८९. त्या फोटोत डावीकडून तिसरा तोच. नर्सिंग होमच्या खिडकीशी बसून त्याने भिंग लावून एकेक पान वाचलं. त्या पानापाशी थांबला. परत वरपासून वाचलं. बाहेर कुणीतरी बर्फ ढकलायची गाडी चालवत होतं, तिचा आवाज जवळ येऊन लांब गेला.

"हे आपल्या गावात झालं नव्हतं," तो म्हणाला.

"आपल्या गावात व्हायला कुणी आलंच नव्हतं," मी म्हणालो.

त्याने भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. बराच वेळ फोटोतल्या स्वतःकडे बघत राहिला. मला वाटलं आता म्हणणार, हे पान काढ. मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं. पण तो उजव्या हाताचं बोट फोटोखालच्या ओळीवर ठेवून म्हणाला, "इथे चूक आहे. पिकनिक जुलैत लिहिली आहेस. ऑगस्टमध्ये होती. जुलैत आपल्याकडे कणसं कुठली?"

मी जुलै खोडून ऑगस्ट केला. पान तसंच छापलं.